मिश्रीची डबी

आमच्या दारात आगीचा बंब आला तो माझ्यामुळे, पण नाव आईचं झालं. मिशिगनमधल्या नोव्हाय गावातल्या त्या टाउनहाउसच्या रांगेतलं कुणी जुनं माणूस भेटलं की अजून विचारतं, "तुझी आई आली होती तेव्हाच ना तो फायर ट्रक आला होता?" मी हसून हो म्हणतो. आणखी चार लोक असले तर तिखटमीठ लावून सगळी गोष्ट सांगतो आणि लोक पोट धरून हसतात. इतक्या वर्षांत मी ती एकदाही धड सांगितलेली नाही.

२००३ च्या मे महिन्यात आई अमेरिकेला आली. पहिल्यांदा आणि एकदाच. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. फलटणला ती एकटी राहायची. धाकटी बहीण पुण्यात, आणि मी इथे मिशिगनमध्ये, गाड्यांच्या गिअरबॉक्सवर काम करणाऱ्या एका कंपनीत. सहा महिने राहायचं म्हणून आई दोन भल्यामोठ्या बॅगा घेऊन आली. त्यांत मेतकूट होतं, लिंबाचं लोणचं होतं, सहा वर्षांच्या नातीसाठी तीन वर्षांच्या मापाचे दोन फ्रॉक होते, आणि जुन्या परकरात गुंडाळलेल्या मिश्रीच्या तीन डब्या होत्या.

मिश्री म्हणजे तव्यावर काळीठिक्कर भाजून कुटलेली तंबाखू. आमच्याकडच्या बायका ती दातांना लावतात. नाव दात घासायचं, काम तंबाखूचंच. आई लग्न होऊन आली तेव्हा पोट साफ होतं म्हणून तिच्या सासूने शिकवली, आणि मग ती सुटली नाही. सकाळी उठल्यावर, दुपारी जेवणानंतर आणि दिवेलागणीच्या आधी, अशी तीनदा. डाव्या तळव्यावर चिमूटभर घ्यायची, उजव्या हाताच्या बोटाने दातांवरून फिरवायची आणि उरलेली गालात धरून वीसेक मिनिटं गप्प बसायचं.

त्या वेळात तिला बोलता यायचं नाही. ती नुसते हुंकार द्यायची. तिचे हुंकार तीन प्रकारचे होते आणि लहानपणापासून मला ते पाठ होते. आखूड 'हूं' म्हणजे हो. 'उंहूं' म्हणजे नाही. आणि तिसरा लांबलचक, खाली खाली उतरत जाणारा 'हूंऽऽ', तो म्हणजे 'थापा मारतोयस हे कळलंय मला, चालू दे तुझं'. गृहपाठ झाला म्हणून सांगून मी खेळायला पळायचो तेव्हा पाठीमागून हा तिसरा यायचा. ती कधी अडवायची नाही. हुंकार द्यायची आणि सोडून द्यायची.

नोव्हायला आल्यावर तिच्या नातीने दोन दिवसांत हे सगळं उचललं. आमच्या लेकीला मराठी समजतं, पण ती उत्तर देते इंग्रजीत. एका सकाळी मी खाली आलो तर आजी आणि नात सोफ्यावर शेजारी शेजारी बसलेल्या. आजीच्या गालात मिश्री, आणि नातीने कोको पावडर दातांना फासलेली. मी म्हटलं, "शाळेची बॅग भरलीस का?" तर तिने आजीसारखी मान मागे नेली आणि म्हणाली, "हूं." बायको हसता हसता चिडली. मला मात्र त्या पोरीच्या तोंडून निघालेला पहिला अस्सल मराठी उच्चार ऐकल्यासारखं वाटलं.

आता माझं सांगतो. मी सिगरेट ओढायचो. कॉलेजपासून. हे टाउनहाउस घेतलं तेव्हा, म्हणजे २००१ साली, मी बायकोला सांगितलं होतं की सोडली. ते खोटं होतं. गॅरेजमध्ये माझा लाल टूलबॉक्स होता, त्यातल्या पान्यांच्या ट्रेखाली मी पाकिटं ठेवायचो. रोज ऑफिसातून आल्यावर गॅरेजचं दार अर्धं वर करून एक ओढायचो, च्युइंगम खायचो, आणि मग घरात यायचो. आपण फार हुशार आहोत असं मला वाटायचं.

आई आल्यावर महिन्याभराने बायको म्हणाली, "घरात तंबाखूचा वास येतो न. तुला नाही येत?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मी एक क्षणही न थांबता म्हणालो, "आईची मिश्री असेल."

किती सोपं होतं ते. बायको नागपूरची, जे आहे ते तोंडावर बोलणारी, पण सासूशी अदबीने वागणारी. तिने दुसऱ्या दिवशी आईला सांगितलं, "आई, तुम्ही ते वरच्या बाथरूममध्ये फॅन लावून करता का? पोरीच्या कपड्यांना वास लागतो." आईने माझ्याकडे बघितलं. मी पेपरात डोकं घातलं. मग आई आखूड 'हूं' म्हणाली. त्या दिवसापासून ती टबच्या काठावर बसून, डोक्यावर घरघरणारा पंखा लावून, दार बंद करून मिश्री लावू लागली. आयुष्यभर अंगणात, उन्हात पाय सोडून बसणारी बाई. मी रोज त्या बंद दारावरून जात होतो आणि रोज खाली गॅरेजमध्ये जात होतो.

तिला माहीत होतं हे मला पुढे कळलं. रद्दी टाकायला ती एकदा गॅरेजमध्ये आली होती आणि माझी पाठ बघून तशीच परत फिरली होती.

ऑगस्टमध्ये तिच्या डब्या संपल्या. एकीच्या तळाशी चिमूटभर उरली होती, ती तिने जपून ठेवली. मला म्हणाली, "इथं कुठं मिळल का रे? निदान तंबाखू तरी. मी भाजून घेईन."

मी तिला व्याख्यानच दिलं. "आई, सोड ना आता ते. कॅन्सर होतो त्याने. इथली माणसं बघ, साठी उलटली तरी पळायला जातात. तुला नातीचं लग्न बघायचंय की नाही?" लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आई हसली आणि म्हणाली, "बाळा, जित्याची खोड मेल्याशिवाय जाते का?" तेव्हा मीही हसलो.

तीन दिवस तिने कळ काढली. डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, जेवणावर वासना नव्हती. चौथ्या दिवशी, मी आणि बायको आपापल्या ऑफिसात असताना, ती गॅरेजमध्ये गेली. टूलबॉक्स उघडला, ट्रे उचलला, पाकीट घेतलं. स्वयंपाकघरात बसून एकेक सिगरेट बोटांनी मोकळी केली, आतली तंबाखू काढली आणि माझ्या बायकोच्या चपात्यांच्या तव्यावर भाजायला टाकली. फलटणला हे काम ती परसदारी चुलीवर करायची. टाउनहाउसच्या छताला स्मोक अलार्म असतो आणि तो माणसाला वेड लागेल असा ओरडतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

लेक उन्हाळ्याच्या सुट्टीमुळे घरीच होती. शाळेत शिकवलं होतं त्याप्रमाणे तिने आजीचा हात धरला, तिला ओढत बाहेर लॉनवर नेलं आणि शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना हाक मारली. त्यांनी ९११ फिरवला. मी आणि बायको पुढेमागे पोचलो तेव्हा दारात बंब उभा होता, सगळी गल्ली बाहेर आली होती, आणि आई डोक्यावरून पदर घेऊन लॉनवर उभी होती. तव्यावरची तंबाखू चाचपून बोट काळं झालं होतं.

आत चार धिप्पाड माणसं बूट घालून स्वयंपाकघरात उभी होती. त्यातला एक तवा चिमट्याने धरून वास घेत होता. तो मला गंभीरपणे म्हणाला, "सर, युअर मदर वॉज कुकिंग सिगरेट्स." ओट्यावर रिकाम्या कागदी नळ्या ओळीने मांडल्या होत्या आणि शेजारी फिल्टर. आई कोणतंही काम टापटिपीने करायची.

ही इथपर्यंतची गोष्ट मी लोकांना सांगतो. पुढची सांगत नाही.

बंब गेला. बायकोने त्या नळ्यांकडे बघितलं आणि विचारलं, "आई, ह्या सिगरेटी कुठून आणल्या तुम्ही?"

आई म्हणाली, "मीच आणल्या. त्या कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावरनं."

आईला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. तिने त्या घरातून एकटीने कधी रस्ता ओलांडलेला नव्हता. पेट्रोल पंप तर मैलभर लांब होता. हे खोटं कुणालाही दिसण्यासारखं होतं, तरी ती मान वर करून ते बोलली. आणि मी तिथे उभा राहून गप्प बसलो. एखादा मिनिट असेल, पण त्या मिनिटाची लाज मला आजही वाटते.

शेवटी लेक म्हणाली, "नो आजी. यू गॉट दोज फ्रॉम बाबाज टूलबॉक्स."

बायको माझ्यावर ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "काहून खोटं बोलला तू? मी त्या बिचाऱ्या बाईला बाथरूममध्ये बसवलं न रे." मग ती ओट्यावर टेकून रडायला लागली. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला, काळ्या बोटाचा ब्लाउजला डाग पडला. लेकीला शाळेत कुणीतरी काळ्या फुप्फुसांची चित्रं दाखवली होती. ती आजीचं लुगडं धरून विचारत होती, "इज बाबा गोइंग टु डाय?" 'डाय' तेवढं आईला कळलं.

संध्याकाळी तिने मला देवापाशी बोलावलं. आमचा देव्हारा म्हणजे जेवणघरातलं एक कपाट. आमचं दैवत जेजुरीचा खंडोबा. आमच्याकडे बेलभंडारा उचलणं म्हणजे शेवटचा शब्द. बेलाचं पान आणि भंडाऱ्याची हळद हातात घेऊन जे बोलायचं ते पाळायचं, नाही पाळलं तर देव बघून घेतो. भाऊबंदकीचे तंटे त्यावर मिटलेले मी पाहिलेत. आईने जेजुरीहून आणलेली पुडी सोडली आणि म्हणाली, "बेल काय इथं मिळायचा नाही. भंडाऱ्यावर भागवू."

मला वाटलं, ती मला एकट्याला शपथ घालणार. पण तिने भंडारा स्वतःच्या तळव्यावर घेतला आणि माझा हात त्यावर पालथा ठेवायला सांगितला. "दोघांची मिळून एकच. तू सिगरेट सोड, मी मिश्री सोडते. तुला एकट्याला जड जाईल."

चाळीस वर्षांची मिश्री. ती मला जड जाईल म्हणून सांगत होती.

मी उरलेली पाकिटं कचऱ्यात टाकली. आई तिची डबी घेऊन आली, तळाशी चिमूटभर होती ती. मी म्हटलं, "टाक हीही." ती म्हणाली, "नको. समोर असताना सोडली तर सोडली." मग मी घर बदलताना उरलेली खोक्यांची तपकिरी टेप आणली आणि डबीच्या झाकणावरून चार वेढे करकचून मारले. ती टेप कातरीशिवाय निघत नाही. आईने डबी परत परकरात गुंडाळली.

ते पुढचे अडीच महिने माझ्या संसारातले सगळ्यांत चांगले होते. आम्ही दोघंही चिडचिडे झालो होतो आणि एकमेकांना ओळखून होतो. मी ऑफिसातून आलो की ती दारात चपला घालून तयार असायची. आम्ही कॉलनीच्या फुटपाथवरून दोन फेऱ्या मारायचो. ती बडीशेप चघळायची, मी च्युइंगम. कधी कधी चालताना तिचं बोट आपोआप ओठाशी जायचं, मग ती मुठीत धरून चालायची. एकदा म्हणाली, "आत्ता कुणी चिमूटभर दिली ना, तर मी ही गळ्यातली बोरमाळ काढून देईन बघ." मी म्हटलं, "मी गाडी देईन." शेजारच्या बाई त्यांच्या खिडकीतून आमच्याकडे बघून हात हलवायच्या. बायको पुन्हा माझ्याशी बोलू लागली. नोव्हेंबरात आई परत गेली. जाताना विमानतळावर तिने एवढंच विचारलं, "पाळशील ना?"

जानेवारीत मी शपथ मोडली. कारण फार क्षुल्लक होतं. कंपनीत माणसं कमी करायची बोलणी चालली होती, बर्फ पडत होता, आणि मुंबईचा एक सहकारी पार्किंगमधल्या शेडखाली उभा होता. म्हणाला, "एक मार यार, मरत नाहीस." मी घेतली. संध्याकाळी पाकीट टूलबॉक्समध्ये, त्याच ट्रेखाली.

दर रविवारी सकाळी नऊ वाजता मी आईला फोन करायचो. तिथे तेव्हा संध्याकाळ असायची, देवाला दिवा लावून ती फोनपाशी बसलेली असायची. मी फोन घेऊन गॅरेजमध्ये जायचो. घरात रेंज येत नाही असं बायकोला सांगितलं होतं. मी सिगरेट पेटवायचो आणि फोनकार्डाचा लांबलचक नंबर दाबायचो. आईचा पहिला प्रश्न ठरलेला, "पाळतोस ना?" मी धूर सोडून म्हणायचो, "पाळतोय. तू?" ती म्हणायची, "पाळते." मग पाऊस, बहीण, शेजारणीच्या सुनेचं बाळंतपण. अशी तीन वर्षं गेली. तीही पाळत नसेल, अशी मी मनाची समजूत घालून घेतली होती. फलटणला कोण बघतंय? सगळ्या आळीतल्या बायका दुपारी ओट्यावर बसून मिश्री लावतात. तेरी भी चुप, मेरी भी चुप.

२००६ च्या दिवाळीत बहिणीचा फोन आला. "दादा, आईच्या गालात आतून फोड आलाय, महिना झाला बरा होत नाहीये. तिखट सोसत नाही तिला. तोंड पुरतं उघडत नाही."

तपासण्या झाल्या. जिथे ती इतकी वर्षं मिश्री धरायची, गालाची नेमकी तीच बाजू. डॉक्टर म्हणाले, तीन वर्षांपूर्वी सोडली ते चांगलंच केलं, पण आधीचं साचलेलं होतं. पुण्यात ऑपरेशन झालं, खालच्या जबड्याचा अर्धा भाग काढावा लागला. मी गेलो नाही. ग्रीन कार्डची कागदपत्रं अडकली आहेत, बाहेर पडता येत नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. वकिलाने खरं तर सांगितलं होतं की जाता येईल, फक्त परत यायला वेळ लागू शकतो. मला आईचा चेहरा बघायची भीती वाटत होती. दुसरं काही नाही.

ऑपरेशननंतर तिला बोलता येईना. बहीण रविवारी फोन तिच्या कानाला लावायची आणि मी बोलायचो. पलीकडून हुंकार यायचे. बहीण आईला सांभाळून माझ्याशी बोलायची, "दादा, तिला विचार ना काहीतरी, हो-नाहीचं." मी विचारायचो, दुखतंय का? उंहूं. पेज घेतलीस? हूं. लहानपणी बाहेर जायची परवानगी काढायचो तसंच. फक्त आता तिच्या गालात मिश्री नव्हती, आणि गालही नव्हता.

शेवटचा रविवार एप्रिलमधला. त्या दिवशी तिचा आवाज बारीक झाला होता. मला वाटलं, तिला काहीतरी चांगलं सांगावं. हातात सिगरेट जळत होती. मी म्हणालो, "आई, काळजी करू नकोस. मी पाळतोय गं. एकदाही ओढली नाही."

पलीकडून तो तिसरा हुंकार आला. लांब, खाली खाली उतरत गेलेला.

मी ऐकलं. मला चांगलं कळलं. तरी मी म्हणालो, "हॅलो? आई? आवाज कट होतोय," आणि फोन ठेवला.

बुधवारी ती गेली. मी पोचलो तो तिसऱ्या दिवशी, अस्थी गोळा करून झाल्यावर. घरात पाहुणे होते, त्यांच्यासमोर बहीण माझ्याशी नीट बोलली. ते पांगल्यावर तिने आईची ट्रंक उघडली आणि परकराची गुंडाळी माझ्या मांडीवर ठेवली. आत डबी होती. माझ्या हातची तपकिरी टेप तशीच, चारही वेढे. कडेला थोडी धूळ चिकटली होती. कुठे कातरी लागलेली नव्हती.

बहीण म्हणाली, "फार दुखायचं रे तिला. शेजारच्या मावशी म्हणाल्या, थोडी मिश्री लावा हिरडीला, जरा बधिर होईल. मीसुद्धा म्हटलं, आई, आता काय फरक पडतो? लाव चिमूटभर. ऐकलं नाही तिने. बोलता येत नव्हतं म्हणून पाटी दिली होती तिला, माझ्या पोराची. त्यावर लिहिलं, 'तो पाळत नाही.'"

मी टेपच्या वेढ्यांवरून बोट फिरवलं.

"तिला माहीत होतं, दादा. पाटीवरच लिहून सांगितलं, फोनवर बोलता बोलता मध्येच थांबतो आणि मग श्वास सोडतो. मी चिडले. म्हटलं, तो पाळत नाही तर तू कशाला जीव काढतेस? तर पाटी पुसली आणि परत लिहिलं, 'दोघांची एकच आहे. मी धरलीय तोवर मोडत नाही. मी सोडली तर त्याला लागेल.'"

मग बहीण रडली नाही, ओरडली नाही. माझ्या शर्टाच्या खिशाकडे बोट दाखवून म्हणाली, "जा, ओढून ये. मघापासून हात जातोय तुझा."

खिशात पाकीट होतं. विमानतळावर घेतलेलं.

त्या दिवशी सुटली असं लिहायला मला आवडलं असतं. सुटली नाही. मी परसदारी चुलीपाशी जाऊन, रडत रडत, एकामागून एक तीन ओढल्या. पण तेव्हापासून एक भीती बसली. आईने धरून ठेवलेलं आता कुणीच धरलेलं नव्हतं. मी गिअरबॉक्सचा इंजिनिअर, भंडारा लागतो-बिगतो यावर माझा विश्वास नाही. तरी नोव्हायला परतल्यावर मी प्रत्येक सिगरेट पेटवताना ती धरून बसलेली दिसायची, दुखऱ्या तोंडाने, माझ्यासाठी. चार वेळा सोडली, चार वेळा धरली. डॉक्टरांकडून दंडाला चिकटवायच्या निकोटीनच्या पट्ट्या आणल्या, गोळ्या घेतल्या. २००८ च्या मार्चमध्ये पाचव्यांदा सोडली ती आजतागायत. टूलबॉक्सच्या ट्रेखाली आता ती डबी आहे.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मला तपासणीत डॉक्टर म्हणाले की फुप्फुसं चांगली सुधारत आहेत, असंच चालू ठेवलंत तर भरपूर जगाल. मी घरी आलो. रविवारी सकाळी नऊला मी अजूनही गॅरेजमध्ये जातो, सवय आहे. पाचदहा मिनिटं उभा राहतो आणि परत येतो. एका रविवारी परत आलो तर लेक टेबलापाशी बसून काहीतरी लिहीत होती. अकरा वर्षांची झाली होती. वर न बघता तिने विचारलं, "बाबा, डिड यू स्मोक?"

मी म्हणालो, "नाही गं. सोडली मी. खरंच सोडली."

तिने मान किंचित मागे नेली. लांबलचक, खाली खाली उतरत जाणारा हुंकार दिला, आजीचा, जसाच्या तसा. मग पुन्हा लिहायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा मी खरं बोलत होतो.